११५–११३ : अटीतटीच्या मुष्टियुद्धांतील गुणांचा वाद
(प्रस्तावना)

मुष्टियुद्धाचा निकाल दोन तऱ्हांनी लागतो. एकजण खाली पडून दहा आकडे मोजेपर्यंत उठला नाही, किंवा रेफरीने मध्येच लढत थांबवली, तर प्रश्न तिथेच मिटतो. फार तर रेफरीने घाई केली का, एवढीच चर्चा उरते. पण दोघेही शेवटच्या घंटेपर्यंत उभे राहिले, तर रिंगभोवती तीन बाजूंना बसलेल्या तीन जजांचे आकडे गोळा करावे लागतात आणि तिथून वादाला तोंड फुटते. ते आकडे कसे ठरतात, आणि एकच चित्रीकरण पुन्हा पुन्हा पाहूनही रसिकांचे चाळीस-चाळीस वर्षे एकमत का होत नाही, हा या पुस्तकाचा विषय आहे.

प्रचलित पद्धत वरवर पाहता सोपी आहे. फेरी जिंकणाऱ्याला १० गुण, हरणाऱ्याला ९. कोणी ठोसा खाऊन खाली गेला तर त्याला बहुधा ८. फेरी अगदीच सारखी वाटली तर दोघांना १०–१० देता येतात, पण जजांनी ते शक्यतो टाळावे अशी अपेक्षा असते. बहुतेक ठिकाणी प्रत्येक फेरीनंतर गुणांची चिठ्ठी जजाच्या हातून जाते. मागे वळून खाडाखोड करण्याची सोय नाही. बारा फेऱ्यांत कोणी पडले नाही आणि कोणाचे गुण कापले गेले नाहीत, तर ११५–११३ या आकड्याचा अर्थ एकाला सात फेऱ्या, दुसऱ्याला पाच. त्यातली एक फेरी इकडची तिकडे गेली की ११४–११४, आणि दोन गेल्या की विजेता बदलतो.

खरी मेख पुढे आहे. ज्या फेरीत दोघांनीही जेमतेम दोन-चार ठोसे लावले आणि जजाचे मन केसभर एका बाजूला झुकले, ती फेरी १०–९. ज्या फेरीत एकाने दुसऱ्याला तीन मिनिटे झोडपून काढले पण पाडले नाही, तीही बहुधा १०–९. म्हणजे बेरीज सबंध लढतीचे माप देत नाही. ती बारा स्वतंत्र निवाड्यांचा हिशेब देते. रसिक मात्र लढत संपताना मनात उरलेल्या एका ठशावरून निकाल ठरवतो आणि तो ठसा जजांच्या बेरजेशी जुळला नाही की ‘लुटले’ अशी ओरड होते. या प्रकारच्या वादांपैकी निम्मे वाद या एका गफलतीतून जन्मतात. उरलेले निम्मे मात्र खरे आहेत, आणि त्यांचा खल करण्याजोगा आहे.

त्यांचा नमुना म्हणून ६ एप्रिल १९८७ च्या लढतीकडे पाहता येते. लास वेगासच्या सीझर्स पॅलेसमध्ये मार्व्हलस मार्विन हॅगलर आणि शुगर रे लेनर्ड समोरासमोर आले, तेव्हा जागतिक मुष्टियुद्ध परिषदेचा, म्हणजे डब्ल्यूबीसीचा, मिडलवेट किताब पणाला होता. हॅगलर १९७६ पासून एकही लढत हरला नव्हता. सप्टेंबर १९८० मध्ये लंडनला ॲलन मिंटरला हरवून मिळवलेला किताब त्याने बारा वेळा राखला होता. लेनर्ड हा १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकचा सुवर्णपदक विजेता. पण डोळ्याचा पडदा सुटल्यामुळे तो १९८२ मध्ये निवृत्त झाला होता आणि त्यानंतरच्या पाच वर्षांत एकदाच, १९८४ साली, रिंगमध्ये उतरला होता. त्या लढतीतही तो एकदा खाली पडला होता. त्यामुळे जाणकारांचे पारडे हॅगलरकडे झुकलेले होते.

वाटाघाटीत लेनर्डच्या गोटाने पंधराऐवजी बारा फेऱ्या, मोठी रिंग आणि दहा औंसांचे ग्लोव्ह्ज पदरात पाडून घेतले. पाय चालवून अंतर राखणाऱ्याला या तिन्ही गोष्टी सोयीच्या. हॅगलरने आपल्या बाजूने एक अजब गोष्ट केली : तो मूळचा डावखुऱ्या पवित्र्याचा, पण पहिल्या दोन फेऱ्या उजव्या पवित्र्यात लढला. बहुतेकांच्या मते त्या फेऱ्या त्याने हातच्या घालवल्या. तिसऱ्या फेरीत तो मूळ पवित्र्यात आला, तरी चौथी फेरीही लेनर्डचीच धरली जाते. त्याच फेरीत लेनर्डने हात खालून गरगरा फिरवून पोटात ठोसा घातला आणि प्रेक्षागृह खुशीत आले. पाचव्या फेरीत हॅगलरचा अपरकट लागला, लेनर्ड हलला आणि लढतीचा रंग बदलला. नवव्या फेरीत हॅगलरने त्याला कोपऱ्यात गाठले. वाटले, आता संपले. लेनर्डने तिथूनच ठोशांची सरबत्ती करत वाट काढली आणि उरलेला वेळ दोघेही हातघाईवर होते. पुढच्या फेऱ्यांत हॅगलर पाठलाग करत राहिला. लेनर्ड सरकत, थांबत, एकदम आठ-दहा ठोसे फेकून पुन्हा सरकत राहिला. फेरीची शेवटची तीस सेकंदे उरली की त्याच्या कॉर्नरमधून तशी आरोळी येई आणि सरबत्ती नेमकी तेव्हाच सुरू होई. फेरीचा निवाडा घंटेनंतर लगेच लिहायचा असतो. लेनर्डच्या गोटाने हे पुरते ओळखले होते.

तीन जजांचे आकडे असे आले : लू फिलिपो, ११५–११३ हॅगलर, डेव्ह मोरेटी, ११५–११३ लेनर्ड, जो-जो गेरा, ११८–११० लेनर्ड. निकाल दोन विरुद्ध एक, लेनर्डच्या बाजूने. हॅगलर त्यानंतर कधीही लढला नाही. पुढच्या वर्षी त्याने निवृत्ती जाहीर केली, इटलीत बस्तान हलवले, आणि १३ मार्च २०२१ रोजी निधन होईपर्यंत ती लढत आपणच जिंकली होती हे म्हणणे सोडले नाही.

गेराचा आकडा लेनर्डला दहा आणि हॅगलरला दोनच फेऱ्या देतो. त्याचे समर्थन लेनर्डचे चाहतेही सहसा करत नाहीत, आणि या पुस्तकालाही ते शक्य वाटलेले नाही. पण मोरेटी आणि फिलिपो यांच्यात अंतर दोनच फेऱ्यांचे आहे. दोघेही अनुभवी, दोघेही शुद्धीवर, दोघांनीही एकच लढत पाहिली. म्हणून गेराला बाजूला ठेवले तरी वाद संपत नाही. तो खरा तिथेच सुरू होतो.

गुण देण्याची ही रीत फार जुनी नाही. जॅक ब्रॉटनने १७४३ साली केलेल्या इंग्लंडमधल्या नियमांत गुणांचा प्रश्नच नव्हता. जो उभा राहू शकला नाही तो हरला. १८६७ च्या क्वीन्सबरी नियमांनी ग्लोव्ह्ज आणले, तीन मिनिटांच्या फेऱ्या आणल्या, मध्ये एक मिनिटाची विश्रांती आणली. फेऱ्यांची संख्या ठरली की दोघेही उभे राहण्याची शक्यता आली आणि ‘मग जिंकले कोण?’ हा प्रश्न उभा राहिला. न्यूयॉर्क राज्याने १९११ ते १९१७ या काळात फ्रॉली कायद्याखाली त्याचे सोपे उत्तर काढले होते : निकाल द्यायचाच नाही. त्यामागे जुगाराला आळा घालण्याचा हेतू होता. त्याने जुगार थांबला नाही. रिंगशेजारी बसलेले वार्ताहर आपापल्या वर्तमानपत्राला विजेत्याचे नाव कळवत आणि पैज त्या छापील मतावर चुकती होई. दोन वर्तमानपत्रांनी दोन विजेते छापावेत, हे तेव्हा नित्याचे होते. रसिकांच्या गुणवादाचा उगम शोधायचा तर तो इथे सापडतो. १९२० च्या वॉकर कायद्याने न्यूयॉर्कमध्ये अधिकृत निकाल परत आले.

त्यानंतर प्रत्येक गावची रीत वेगळी झाली. न्यूयॉर्कमध्ये दीर्घकाळ गुणांऐवजी फेऱ्याच मोजत. ५ डिसेंबर १९४७ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जर्सी जो वॉलकॉटने हेवीवेट विजेता जो लुई याला पहिल्या आणि चौथ्या फेरीत, असे दोनदा खाली पाडले. पण फेऱ्यांच्या हिशेबात पाडलेली फेरी आणि निसटती जिंकलेली फेरी यांचे वजन सारखेच. रेफरी रूबी गोल्डस्टाइनने वॉलकॉटला कौल दिला, दोन्ही जजांनी लुईला. निकाल जाहीर होण्याआधीच लुई रिंगबाहेर पडायला निघाला होता, इतकी त्याला स्वतःच्या पराभवाची खात्री होती. आजच्या पद्धतीने त्या दोन फेऱ्या १०–८ झाल्या असत्या. त्या रात्री पद्धत वेगळी असती तर हेवीवेटचा इतिहास वेगळा झाला असता का, यावर अजूनही कागद-पेन्सिल घेऊन बसणारे लोक आहेत.

त्याच न्यूयॉर्कमध्ये, २८ सप्टेंबर १९७६ रोजी यांकी स्टेडियममध्ये मुहम्मद अली आणि केन नॉर्टन यांची तिसरी लढत झाली. रेफरी आर्थर मर्कांटेने अलीला आठ, नॉर्टनला सहा आणि एक फेरी बरोबरीची दिली. दोन्ही जजांनी अलीला आठ-सात असा कौल दिला. त्या दोघांच्या हिशेबात चौदा फेऱ्यांअखेर सात-सात होते. आपण पुढे आहोत अशा समजुतीने नॉर्टनच्या कॉर्नरने शेवटच्या फेरीत सांभाळून राहायला सांगितले, आणि ती फेरी अली घेऊन गेला. त्या दोन जजांपैकी एक हॅरल्ड लेडरमन. पुढे १९८६ पासून तीसेक वर्षे एचबीओ वाहिनीवर लढत चालू असतानाच आपले अनधिकृत गुण सांगणारा आवाज तो हाच. घरबसल्या गुण मांडण्याची सवय अमेरिकी रसिकाला लावण्यात त्याचा वाटा मोठा आहे.

ब्रिटनची तऱ्हा आणखी निराळी. तिथे जजच नव्हते. रेफरी एकटाच गुण देई आणि शेवटी विजेत्याचा हात वर करी. छोट्या लढतींत आजही तसेच चालते. तेव्हा फेरी जिंकणाऱ्याला पाच आणि दुसऱ्याला पाव-पाव गुणाने कमी, असा हिशेब असे. १६ मार्च १९७१ रोजी वेम्बलीत पंधरा फेऱ्यांनंतर हॅरी गिब्ज या रेफरीने तरुण जो बगनरचा हात उंचावला. गुण होते ७३¾ विरुद्ध ७३½. पाव गुणाने हरला तो ब्रिटनचा लाडका हेन्री कूपर. ब्रिटिश, राष्ट्रकुल आणि युरोपीय असे तिन्ही किताब एका झटक्यात गेले आणि तो निवृत्त झाला. कूपर आणि गिब्ज यांच्यात नंतर कित्येक वर्षे अबोला होता. त्या एका पाव गुणावरून ब्रिटनमध्ये जितकी भांडणे झाली तितकी क्वचितच दुसऱ्या कुठल्या निकालावरून झाली असतील.

याच गिब्जचे नाव सोळा वर्षांनी लास वेगासमध्ये पुन्हा निघाले. हॅगलर–लेनर्ड लढतीसाठी त्याची जज म्हणून निवड होणार होती; हॅगलरच्या गोटाने हरकत घेतली आणि त्याच्या जागी मेक्सिकोचा गेरा आला. गिब्जने ती लढत मायदेशी टीव्हीवर पाहिली आणि नंतर सांगितले की त्याच्या हिशेबाने हॅगलर जिंकला. हॅगलरच्या चाहत्यांना हा तपशील जितका झोंबतो तितका फिलिपोचा ११५–११३ सुखावत नाही. अर्थात टीव्हीसमोर दिलेले गुण आणि रिंगशेजारी दिलेले गुण एका मापाचे नसतात, हे त्यांच्यातले समजूतदार लोकही मान्य करतात.

दहा गुणांची पद्धत डब्ल्यूबीसीने १९६० च्या दशकात उचलून धरली आणि हळूहळू ती जगभर रुळली. १३ नोव्हेंबर १९८२ च्या लढतीत रे मॅन्सिनीशी लढताना जबर जखमी झालेला कोरियाचा किम डुक-कू काही दिवसांनी दगावला, तेव्हा डब्ल्यूबीसीने किताबाच्या लढती पंधरावरून बारा फेऱ्यांवर आणल्या. बाकीच्या संघटना मागाहून आल्या. जिवाच्या सुरक्षिततेसाठी घेतलेल्या या निर्णयाचा गुणांवर परिणाम झाला. उशिरा पेटणाऱ्या, समोरच्याला दमवून गाठणाऱ्या लढवय्यांच्या तीन फेऱ्या गेल्या. हॅगलर हा त्याच जातीचा. पंधरा फेऱ्यांची लढत असती तर, हे त्याच्या चाहत्यांचे पालुपद इथून येते.

आता मतभेदांच्या गाभ्याकडे. जजांना चार गोष्टी पाहायला सांगितले जाते : स्वच्छ बसलेले ठोसे, परिणामकारक आक्रमण, रिंगवरची हुकमत आणि बचाव. यांतले कोणते किती वजनाचे, हे कुठेही आकड्यांत लिहिलेले नाही. तेवढ्या मोकळ्या जागेत चार पंथ उभे राहिले आहेत.

सर्वांत जुना पंथ फटक्याचे वजन बघणाऱ्यांचा. त्यांच्या लेखी हॅगलरचा पोटात बसलेला एक ठोसा लेनर्डच्या चार चपळ थपडांना भारी. कोणाचे डोके मागे झुकले, कोणाचे पाय लटपटले, कोण चिकटून श्वास घेऊ लागला, हे ते बघतात. दुसरा पंथ पुढे जाणाऱ्याचा. ‘लढत कोणी घडवली?’ हा त्यांचा प्रश्न. त्याला जोडूनच एक समजूत येते, की विजेत्याकडून किताब हिसकावून घ्यावा लागतो, निसटता मिळवता येत नाही. ही समजूत फार पसरलेली असली तरी नियमांत तिला आधार नाही. लढत बरोबरीत सुटली तर किताब विजेत्याकडे राहतो, एवढाच त्याचा फायदा. प्रत्येक फेरीत दोघेही कोऱ्या पाटीने उतरतात. हॅगलरच्या चाहत्यांनी हा मुद्दा वापरावा यात थोडी गंमतही आहे, कारण ३० नोव्हेंबर १९७९ रोजी हॅगलर आव्हानवीर होता, विजेता व्हिटो अँटुओफर्मोशी त्याची लढत बरोबरीत सोडवली गेली आणि तेव्हा याच न्यायावर ते चिडले होते.

तिसरा पंथ हुकमत पाहतो. लढत कोणत्या अंतरावर, कोणत्या वेगाने, कोणाच्या मर्जीने चालली? लेनर्डचे समर्थक बहुतांशी इथले. हॅगलर पुढे सरकत होता हे त्यांना मान्य आहे. तो लेनर्डला हवा तिथे सरकत होता, असे त्यांचे म्हणणे. चौथा पंथ बचावाचा, संख्येने लहान आणि बहुधा उपेक्षित. त्याची आवडती लढत म्हणजे १० सप्टेंबर १९९३ ची पर्नेल व्हिटेकर विरुद्ध हुलिओ सेझार चावेझ. सॅन अँटोनिओच्या अलामोडोममध्ये, एकही पराभव न पाहिलेल्या चावेझसमोर व्हिटेकर बारा फेऱ्या हाताला लागला नाही. एका जजाने व्हिटेकरला ११५–११३ दिले, दोघांनी ११५–११५, लढत बरोबरीत. समोरच्याला ठोसा मारू न देणे ही कमाई आहे, की नुसती टाळाटाळ, या प्रश्नाचे तिथे उत्तर मिळाले नाही.

चारही पंथांना आपापली बाजू आकड्यांनी सिद्ध करण्याचा मोह होतो. १९८५ पासून कॉम्प्युबॉक्स ही कंपनी ठोसे मोजते : दोन माणसे, प्रत्येकाची नजर एका बॉक्सरवर, जॅब की जोरदार ठोसा, लागला की हुकला, त्याप्रमाणे कळ दाबायची. हॅगलर–लेनर्ड लढतीत त्यांच्या मोजणीनुसार लेनर्डचे ६२९ पैकी ३०६ लागले, हॅगलरचे ७९२ पैकी २२५. लेनर्डच्या बाजूने हा आकडा हुकमाच्या पानासारखा टाकला जातो. पण तो तीन गोष्टी सांगत नाही. ठोशाचे वजन सांगत नाही. मोजणाऱ्या माणसाच्या नजरेत किती चूक झाली ते सांगत नाही. आणि सबंध लढतीचे आकडे बारा फेऱ्यांत कसे वाटले गेले हेही एकट्या बेरजेतून कळत नाही. तीन फेऱ्यांत ठोशांचा पाऊस पाडून नऊ फेऱ्या एकेका ठोशाने हरणाराही एकूण मोजणीत पुढे दिसू शकतो. उलट बाजूने ब्रिटिश क्रीडालेखक ह्यू मॅकिल्व्हॅनी याने लेखक बड शुल्बर्गच्या मताचा आधार घेऊन मांडलेला मुद्दा जास्त खोल आहे : लेनर्ड काहीच करू शकणार नाही अशी अपेक्षा असल्यामुळे त्याने जे थोडे केले ते डोळ्यांना पुष्कळ दिसले. मोजणी त्याच्या विरोधात जात असली, तरी प्रत्येक जज आणि प्रत्येक प्रेक्षक काहीतरी अपेक्षा घेऊनच बसतो, हे त्यातले मर्म नाकारता येत नाही.

बसण्याच्या जागेचाही प्रश्न आहे. जज एका बाजूला बसतो. बॉक्सरची पाठ त्याच्याकडे असली की ठोसा लागला की ग्लोव्ह्जवर अडला हे त्याला दिसत नाही. १३ मार्च १९९९ रोजी लेनॉक्स लुईस आणि इव्हँडर होलीफील्ड यांच्या लढतीत लुईसने पाचव्या फेरीत स्पष्ट वर्चस्व गाजवूनही यूजीनिया विल्यम्स या जजने ती होलीफील्डला दिली आणि एकूण ११५–११३ असा त्यालाच कौल दिला. दुसऱ्या जजाने लुईसला ११६–११३, तिसऱ्याने ११५–११५. लढत बरोबरीत सुटली. नंतर झालेल्या चौकशीत विल्यम्स यांनी मध्ये आलेल्या छायाचित्रकारांचा उल्लेख केला. टीव्हीवर कॅमेरे अनेक कोनांतून दाखवतात, पण त्याबरोबर समालोचक कानाशी असतो, आणि त्याने एकदा एकाची बाजू घेतली की पाहणाऱ्याचे डोळे त्याच्यामागे जातात. म्हणूनच गंभीर रसिक आवाज बंद करून गुण देतात. तसे करून पाहिलेल्या अनेकांना स्वतःचाच जुना निकाल बदललेला आढळतो.

हौशी मुष्टियुद्धाने या सगळ्यावर यंत्राचा उपाय करून पाहिला. १९८८ च्या सोल ऑलिंपिकच्या अंतिम लढतीत रॉय जोन्स ज्युनियरचे ८६ ठोसे लागले, कोरियाच्या पार्क सी-हुनचे ३२. तरीही पाच जजांपैकी तिघांनी पार्कला कौल दिला. स्पर्धेतला सर्वोत्तम शैलीचा बॉक्सर म्हणून करंडक मात्र जोन्सला! त्या नामुष्कीनंतर १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकपासून बटणांची पद्धत आली : पाचपैकी तीन जजांनी एका सेकंदाच्या आत बटण दाबले तरच गुण. परिणामी पोटावरचे ठोसे आणि झटपट मालिका हिशेबातून निसटू लागल्या. लांबून एकेक टिपणारी, तलवारबाजीसारखी शैली फोफावली. २०१३ मध्ये ही पद्धत मोडीत निघाली आणि हौशी बॉक्सिंगही दहा गुणांवर आले.

या पद्धतीचा चटका भारतीय प्रेक्षकाने टोकियो ऑलिंपिकमध्ये अनुभवला. २९ जुलै २०२१ रोजी मेरी कोम कोलंबियाच्या इंग्रिट व्हॅलेन्सियाकडून ३–२ अशी हरली. पहिली फेरी ४–१ ने गेली, पण दुसरी आणि तिसरी फेरी मेरी कोमने ३–२ अशी घेतली होती. तीनपैकी दोन फेऱ्या जिंकूनही हार कशी, हा प्रश्न तेव्हा घराघरांत विचारला गेला. उत्तर बेरजेत होते : प्रत्येक जजाची तीन फेऱ्यांची बेरीज वेगळी धरली जाते आणि पाच जजांपैकी तिघांच्या बेरजेत व्हॅलेन्सिया पुढे होती. फेऱ्यांचे बहुमत आणि जजांचे बहुमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महाराष्ट्राच्या वाचकाला असा वाद नवा नाही. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यातल्या महाराष्ट्र केसरीत सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या कुस्तीत टांग या डावावर दिलेल्या चार गुणांनी तालमी-तालमींत अशीच फळी पडली होती, आणि तिथेही चित्रफीत थांबवून थांबवून पाहणाऱ्या दोन्ही बाजूंना आपापले खरे दिसत होते.

विषय आजच हाती घेण्याला कारण आहे. १६ सप्टेंबर २०१७ रोजी कानेलो अल्वारेझ आणि गेनादी गोलोव्हकिन यांच्या लढतीत एका जजने ११८–११० असा अल्वारेझला कौल दिला, दुसऱ्याने ११५–११३ गोलोव्हकिनला, तिसऱ्याने ११४–११४. तीस वर्षांपूर्वीचेच आकडे जणू नव्या नावांखाली. त्यांतला ११५–११३ देणारा जज तर तोच डेव्ह मोरेटी. १८ मे २०२४ रोजी रियाधमध्ये ओलेक्सांद्र उसिक आणि टायसन फ्युरी यांच्या लढतीत नवव्या फेरीत फ्युरीला उभ्याने मोजणी मिळाली. त्या एका १०–८ वाचून निकाल उसिककडे गेलाच असता असे म्हणता येत नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरमधल्या त्यांच्या दुसऱ्या लढतीत प्रयोग म्हणून संगणकी जजालाही गुण द्यायला लावले. तिन्ही माणसांनी उसिकला ११६–११२ दिले, यंत्राने ११८–११२. यंत्र पक्षपात करत नाही, असे त्याचे पुरस्कर्ते म्हणतात. पण चार निकषांपैकी कोणाला किती वजन द्यायचे हे यंत्रालाही कोणीतरी सांगावेच लागते. म्हणजे चारही पंथांचे भांडण जजाच्या खुर्चीवरून उठून यंत्र घडवणाऱ्याच्या टेबलावर जाईल, इतकेच.

प्रस्तुत पुस्तक या वादांचा अंतिम निवाडा करायला बसलेले नाही. लुई–वॉलकॉटपासून उसिक–फ्युरीपर्यंतच्या निवडक लढती त्यात घेतल्या आहेत. निवडीची अट एकच : लढतीचे चित्रीकरण उपलब्ध असावे, म्हणजे वाचकाला स्वतः पडताळा घेता येईल. प्रत्येक लढतीत आधी निर्विवाद फेऱ्या वेगळ्या काढल्या आहेत आणि चर्चा उरलेल्या तीन-चार फेऱ्यांपुरतीच ठेवली आहे. अशा प्रत्येक वादग्रस्त फेरीसाठी दोन्ही बाजूंचा सर्वांत मजबूत युक्तिवाद दिला आहे, आणि कोणता निकष उचलला की कोणाचे पारडे जड होते तेही. हॅगलर–लेनर्ड लढतीला सर्वांत जास्त पाने मिळाली आहेत, कारण चारही पंथ तिथे एकाच वेळी झुंजतात. लाचखोरी आणि ठरवून केलेल्या निकालांचा विषय मुद्दाम बाहेर ठेवला आहे. त्याची साधने वेगळी, पुरावे वेगळे, आणि प्रामाणिक मतभेदाशी त्याची सरमिसळ केली की दोन्हींचे नीट आकलन होत नाही. हौशी लढती फक्त गुणपद्धत समजावण्यापुरत्या येतात.

नव्या वाचकाने पुस्तक उघडण्याआधी एखादी लढत आवाज बंद करून पाहावी, प्रत्येक फेरीनंतर व्हिडिओ थांबवून आकडा लिहावा आणि मागचा खोडू नये. संशय वाटेल त्या फेरीपुढे खूण करून ठेवावी. त्या खुणा किती आणि कुठल्या फेऱ्यांपुढे पडल्या, ते या पुस्तकातल्या त्या लढतीच्या प्रकरणाशी ताडून पाहता येईल.